काळ्या हातांचा मुराळी

आमचं मूळ गाव धुळ्याच्या अलीकडं, पांझरेच्या काठी. बाप सुतार, बैलगाड्यांची चाकं करायचा, आन मी पडलो मोटारींच्या खाली, म्हंजे चाकानं काही आमचा पिच्छा सोडला नही. नशिराबादले हायवेवर बशीरचाचांच्या गॅरेजात कामाले लागलो तो तिथलाच झालो, चाचा गेले, आता गॅरेज मीच पाहतो. काय सांगू भाऊ तुम्हाले, पाठ जमिनीले लावून वर इंजिन पाहन्यात जलम गेला, आता उठताना गुडघ्यावर हात ठेवून माय वं म्हनावं लागतं.

तुम्ही आखाजीचं विचारता. आखाजी म्हंजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडं पोरींचा सन, झोके काय, गानी काय, सासरच्या बठ्ठ्या, सगळ्याच्या सगळ्या, पोरी माहेरी. पन पोर आपल्या मनानं येत नही. मुराळी जावा लागतो आनायले, बाप नहीतर भाऊ, धुतल्या कपड्यात, टोपी घालून, हातात सांजोऱ्यांचा डबा घेऊन. एस.टी. तिच्या दारावरून जाते, तरी मुराळी आल्याशिवाय ती पायरी उतरत नही, उतरली तं सासरचे म्हनतात, हिले माहेरी कोनी विचारत नही वाटतं. माझी कुसुम धुळ्याच्या पलीकडं दिलेली, मले पोरगा नही, मग मुराळी कोन, मीच. आन आखाजी आली का गावच्या बठ्ठ्या गाड्या माझ्या दारात, कारन ज्याले त्याले आपली पोर आनायची शे.

एका साली असंच, आदल्या दिवसापर्यंत गाड्यांखालीच व्हतो, निघायची वेळ झाली तं हाताचं काळं निघेना, रॉकेल झालं, साबन झाला, चुलीतली राख झाली. मोठा भाऊ म्हने, असल्या अवतारात व्याह्याच्या दारी जातो का, घरान्याचं नाक कापतो का. बायको रडली. मी नही गेलो. कुसुम पिशवी भरून दिवसभर ओट्यावर बसली व्हती, हे मागून कळलं. जीव नुसता जळला भाऊ.

म्हनून पुढच्या साली मी शप्पथच घेतली, काही हो, जायाचंच. तर गावातले केळीवाले आबा पिकअप घेऊन आले, म्हने, मिस्तरी, माझी पोर धुळ्याले शे, एवढी गाडी नीट कर आन माझ्याच संग चल, दोन्ही पोरी आनू. आता त्या गाडीत इंजिनाचं तेल थंड व्हायले पाइपातून पुढच्या जाळीत जातं आन दुसऱ्या पाइपानं माघारी येतं, त्या पाइपाच्या जोडावरून तेल गळे. आबांनी सोताच पान्याले लांब नळी लावून जोड आवळला व्हता. अरे बाबा, गळतं म्हनून आवळायचं, आन आवळलं का आजून गळतं! चाचा म्हनायचे, जोड का गला मत दबा बेटा. दोन पाने लागतात, एकानं जोड धरून ठेवायचा, दुसऱ्यानं नट फिरवायचा, नहीतर पाइपच पिळतो. आत तांब्याचा वायसर, चपटी कडी, असतो, तो लाल व्हईस्तोवर तापवायचा, बादलीतल्या गार पान्यात बुडवायचा, मग नरम पडतो आन नव्यासारखा बसतो. तसं केलं. थेंब नही.

सकाळी बायकोनं पांढरे कपडे काढून दिले, हात चांगले दगडानं घासले, निघालो. पारोळ्याच्या पुढं आबा म्हने, मिस्तरी, वास येऊन राहिला का. उतरून पाहतो तं दुसऱ्या टोकाचा जोड गळून राहिला, जो कोरडा व्हता म्हनून मी हातच लावला नव्हता. आबांचं तोंड एवढंसं झालं. तसंच हाकावं तं इंजिन जाम. काय करता, टावेल अंथरला आन घुसलो खाली. बाभळीच्या काटक्या पेटवून वायसर तापवला, गरम तेल सदऱ्यावर, टोपीवर, कोपरापर्यंत. संगच्या कॅनमधी इंजिनाचं तेल व्हतं तेवढं वतलं आन गाडी सुरू झाली. आबा म्हने, आता कसं जाशील व्याह्याकडं. मी म्हनलो, आबा, आता मले काही विचारू नका, चला.

आबांची पोर परतताना घ्यायची ठरली, आधी व्याह्याच्या दारात उतरलो. अंगन ताजं सारवलेलं, इहीनबाई, कुसुमची सासू, दारात उभी, माझ्याकडं पाहूनच राहिली. मी बाहेरच थांबलो, म्हनलो, पोरीले धाडा, मी काही आत येत नही. तं कुसुमच तांब्या घेऊन बाहेर आली, माझ्या हातावर पानी घालू लागली. मी चोळतो, ती घालते, काळं काही निघेना. मग खालच्या मानेनं, हळूच म्हने, आप्पा, मागला साले बी असंच येवाले जोयजे व्हतं.

मागल्या साली बी असंच यायचं व्हतं म्हने. इहीनबाईच म्हनली, व्याही, आत या, अंगन पुन्हा सारवता येतं.

तेव्हापासून आखाजीले मी हात घासत नही. जसा शे तसा जातो. आता पाठ साथ देत नही, गाडीखाली गेलो का निघायची पंचाईत, जीव थकला. पन मुराळी म्हनून जाईनच, चालता येईल तोवर. बठ्ठ्यांच्या पोरी आखाजीले घरी येवोत भाऊ, मले दुसरं मागनं नही. थांबा, चहा घ्या, पन कप तुमचा तुम्हीच उचला, माझे हात पाहताच ना.