मी काही जहाजवाला नाही

आता मला सांगा, यात माझं काय चुकलं? एवढंच विचारलं ना, की बाबा रे, पगार किती, राहतोस कुठे… तर घरात दोन दिवस कोणी माझ्याशी बोलेना. सगळं त्या ग्रीक मालिकेमुळे, तुम्हाला सांगतो. आमची पद्मिनी बारा वर्षं टोकियोत राहून एक जपानी मालिका बघणार नाही, पण ही रोज. जहाजवाल्याची पोर, कोळ्याचा पोरगा, आणि तो म्हातारा जहाजवाला सारखा मध्ये, 'तुझी पायरी काय, आमची काय?' मी नावं ठेवता ठेवता कधी चिकटलो कळलंच नाही. बँकेतून दमून आलो तरी आधी, "काय गं, भेटली का दोघं?" त्या म्हाताऱ्याला मराठीतून शिव्या घातल्यात मी. रडलोसुद्धा, खोटं कशाला बोलू?

अशा ऐन रडण्यात आमची लेक नुपूर म्हणते, "बाबा, तुम्हाला एकाला भेटवायचंय." कोण? तर सौमित्र. आपलाच हो, सांगलीचा, चेहऱ्यावरून गुणी… पण स्टेशनजवळच्या इंडियन हॉटेलात तंदूरमध्ये नान लावतो. माझी पोरगी ऑफिसात जपान्यांना जपानी शिकवेल अशी, आणि हा नान लावतो. म्हणून विचारलं. तर पद्मिनी स्वयंपाकघरातून काय म्हणते, "अगंबाई, जहाजवाला आला." अहो, मी काही जहाजवाला नाही. दोन खोल्यांचं बँकेचं क्वार्टर, मोडकी सायकल, कसलं डोंबलाचं जहाज?

तिसऱ्या दिवशी नुपूर हळूच सांगते, तो सहा जणांत एका खोलीत राहतो, घर शोधतोय, सात ठिकाणी नकार मिळाला. परदेशी माणूस, त्यात जामीन राहायला कोणी नाही. "तुम्हाला सांगू नको म्हणाला, बाबांना वाटेल त्यासाठीच आलो होतो." क्वार्टर मिळेपर्यंत आम्हालाही अशीच दारं बंद झाली होती, पद्मिनी सूटकेसवर बसून रडली होती.

शनिवारी टोकियोतल्याच कोतो भागात, भाड्याची घरं देणाऱ्या एका एजंटाकडे गेलो. नुसतं बघायला हं. सौमित्रचं सांगितलं, तर तो वाकून वाकून, 'जरा कठीण आहे… जरा कठीण आहे…' माझं डोकंच फिरलं. म्हटलं, कठीण काय त्यात? पोरगा पहाटे उठतो, आवाज नाही, दंगा नाही, कचऱ्यात बाटली वेगळी, बाटलीचं झाकणसुद्धा वेगळं, अशी पोरं हल्ली मिळतात कुठे? नुपूरच्या तोंडून ऐकलेलं सगळं धडाधडा बोलून गेलो, आणि मीच थबकलो. हे कोण बोलतंय? पण ते असो, मी काही जहाजवाला नाही. म्हटलं, आणा कागद, मी राहतो जामीन. इथे सहीऐवजी शिक्का लागतो, तोही निघाला खिशातून, कसा कोण जाणे. तर हा विचारतो, 'नातं काय?' म्हटलं, ओळखीचा. 'ओळखीचा चालत नाही, नात्यातलाच हवा.' पेन धरून बसलो. तो बिचारा अदबीनं छताकडे बघतोय, मागे लोक ताटकळतायत…

लग्नाला माझा होकार अजून नाहीच, तुम्हाला सांगतो. विचार चाललाय. पण त्या कागदावर मी शिक्का मारून सासरा झालोय.