पुसलेला तडा

(शाळा नुकतीच सुटली आहे. पाचवीच्या रिकाम्या वर्गात लॅपटॉप उघडून बसलेली नववीतली मुलगी आणि शाळेच्या मुख्याध्यापिका.)

मुलगी : आई, आधी नीट बघ तरी!

मुख्याध्यापिका : शाळेत मॅडम म्हणायचं.

मुलगी : बरं, मॅडम. बघा तरी! सगळ्या फोटोंत हीच इमेज झकास आलीये. खिडकीतून काय उजेड आलाय, अहाहा!

मुख्याध्यापिका : आणि छताला केवढा तडा दिसतोय, ते?

मुलगी : छताला आहे म्हणून फोटोत आहे.

मुख्याध्यापिका : जास्त शहाणपणा नको. उद्या संस्थेचे लोक येतायत. आजच वेबसाइटवर फोटो चढवायचेत. पुसून टाक तो.

मुलगी : पुसू? परवा पाचवीतल्या चिमणीच्या डब्यात वरून गिलाव्याचा तुकडा पडला. पोरगी म्हणते कशी, 'ताई, छतानं मला खाऊ दिला!' सगळे फिदीफिदी हसले. मला नाही हसू आलं.

मुख्याध्यापिका : मला काय कळत नाही? गेल्या वर्षापासून संस्थेच्या मागे लागलेय. 'बघू, करू' यापलीकडे गाडी जात नाही. आणि असा फोटो बाहेर गेला की शाळेच्या इमेजची वाट. पालक पोरांची नावं काढून नेतील. तुकडी बंद पडली की तुझ्या लाडक्या चित्रकलेच्या बाई पहिल्या घरी बसतील. चालेल?

मुलगी : ...हं. घ्या. पुसला.

मुख्याध्यापिका : एवढ्यात?

मुलगी : गवंडीकाकांना महिना लागला असता. बघा, छत कसं नवंकोरं!

मुख्याध्यापिका : टोमणे पुरे. छान दिसतंय.

मुलगी : पण वर्ग अगदीच ओकाबोका वाटतोय. कोणीतरी बसलेलं हवं. थांबा, मीच बसते. युनिफॉर्म आहेच अंगावर. हं, बसले चिमणीच्या बाकावर. काढा फोटो.

मुख्याध्यापिका : पुढच्या बाकावर ये.

मुलगी : उजेड इथे आहे.

मुख्याध्यापिका : पुढे ये म्हणते ना.

मुलगी : का? वर कुठे काय आहे? आत्ताच पुसलं ना आपण.

मुख्याध्यापिका : ऊठ तिथून!

मुलगी : ओरडताय काय, मॅडम...

मुख्याध्यापिका : ऊठ, बाळा. आधी ऊठ. आईचं ऐक.

मुलगी : उठले गं, उठले. अगं, हात सोड माझा!

मुख्याध्यापिका : रोज कोण बसतं म्हणालीस इथे?

मुलगी : चिमणी. डबासुद्धा इथेच खाते.

मुख्याध्यापिका : माझ्या ऑफिसात मावेल पाचवी?

मुलगी : तुझं ते अवाढव्य टेबल बाहेर काढलं तर मावेल. जरा दाटीवाटीनं. पण चित्रकलेच्या बाईंचं काय?

मुख्याध्यापिका : त्यांच्यासाठी मी भांडेन. भांडायचं राहिलंच होतं, नुसती मागे लागत होते.

मुलगी : मग वेबसाइटवर कुठली इमेज चढवू?

मुख्याध्यापिका : आज कुठलीच नको. ती पहिली मात्र जपून ठेव.

मुलगी : ठेवलीये. आणि उद्या ते संस्थेवाले? तुझ्या ऑफिसात पाचवी बसली, तर त्यांना कुठे बसवणार?

मुख्याध्यापिका : इथे. तू बसली होतीस ना, त्याच बाकावर.