भैरूच्या दाढेचा फोटो

(चिंचवड स्टेशनाजवळचा दातांचा दवाखाना. सन १९५७.)

इंदुताई : भैरूभाऊ, तोंड उघडल्याशिवाय मी डॉक्टरीण तपासणार काय?

भैरू : तपासायचं काय त्यात? चाकणात कुणालाबी इचारा माझ्या दातांचं! जत्रंत कांद्याचं भरलं पोतं दातानं उचलतो मी. हात मागं बांधून!

सोजरा : आन् गेल्या जत्रंपासनं भाकरी दुधात कुस्करून खाताय, त्ये बी सांगा की. डाक्टरीणबाई, एकाच अंगानं चावत्यात बघा हे. इचारलं की अंगावर येत्यात.

भैरू : गप गं! आमच्या घरात कुणाचा दात किडत न्हाई. बा मेला तवा सगळे दात जाग्यावर हुते त्याचे.

इंदुताई : मग दाखवा की मलाही. आऽ करा... हं. किडलेला तर एकही नाही.

भैरू : ऐकलंस? उगा यष्टीत बसवून आणलं मला!

इंदुताई : उठू नका. हे भिंग डोळ्यांवर ओढते, दिवा जरा जवळ घेते. आता ही लाकडाची काडी दाढेत धरून चावा. हं, सोडा.

भैरू : आयाया गं!

इंदुताई : चावताना नाही, सोडताना कळ आली ना?

भैरू : व्हय... तुमाला कसं कळलं?

इंदुताई : खालच्या दाढेवर केसाएवढी रेघ आहे. नुसत्या डोळ्यांना दिसली नसती. आता आतला फोटो काढू. ही फिल्म बोटानं दाढेमागं दाबून धरा. हलायचं नाही.

सोजरा : हसायचं का त्यांनी?

इंदुताई : नको हो, हा पार हाडापर्यंतचा फोटो!

(इंदुताई आतून फिल्म धुऊन आणतात.)

इंदुताई : या खिडकीशी. ओली आहे, कडेनं धरा. ही तुमची दाढ, ही खाली तिची मुळं. आणि मुळाच्या टोकाशी हा काळा डाग दिसतो? तिथं पू साठलाय. दाढेला तडा गेलाय, भैरूभाऊ. पोती उचलून उचलून.

भैरू : म्हंजी किडली न्हाई?

इंदुताई : किडली नाही. राबून राबून चिरली.

भैरू : मंग यंदा एकडाव उचलू द्या. लांबलांबची माणसं त्येच्यासाठी येत्यात, बाई.

इंदुताई : उचललंत तर दाढ उभी फुटेल, मग काढूनच टाकावी लागेल. आज ऐकलंत तर नस साफ करून वर टोपण बसवते, भाकरी दोन्ही अंगांनी खाल. पोतं मात्र कायमचं बंद.

भैरू : आन् मंग लोकांनी मला वळखायचं कशावरनं?

सोजरा : अवं, मी नवी नवरी हुते तवा कुठं पोतं उचलत हुता तुमी? तरीबी तुमच्या मागनं मान वर करून चालायचे मी.

इंदुताई : खरं सांगू? इतकी लांब, भक्कम मुळं मी मुंबईला शिकत असतानाही बघितली नाहीत. दुसऱ्या कुणाची दाढ पहिल्याच जत्रेत गेली असती.

भैरू : माझं मन राखायला म्हणताय न्हवं?

इंदुताई : फोटो तुमच्याच हातात आहे. बघा की.

भैरू : ...हायेत खरी लांब. बसवा टोपण. पर एक करा. धाकला भाऊ, रंगराव, माझ्या मागं पोतं उचलीन म्हणतोय. त्येला धाडतो हितं. त्येला बी भिंगातनं बघा, आन् खडसावून सांगा. माझं ऐकायचा न्हाई त्यो.

सोजरा : डाक्टरीणबाई, काम झालं की त्यो फोटो आमाला द्याल? आमचा लग्नात बी फोटो निघाला न्हाई. भिंतीला लावीन.

इंदुताई : देईन की. पण सोजराबाई, यात चेहरा नाही हो. नुसत्या दाढा आहेत.

सोजरा : असू द्या. मी वळखते.