पाटाची मानकरीण

हॅलो?… हो, मीच… बोल सेनाइदा. नाही गं, भर दुपारी कोण झोपतं, केकवर दूध ओततेय… बोल तू. कान मोकळा आहे, हात नाहीत.

ओब्दुलियाने फोन मान आणि खांद्यात दाबला आणि साधं, आटवलेलं आणि गोड घट्ट अशा तिन्ही दुधांचं भांडं पुन्हा तिरकं केलं. उद्या यारेत्सीचा पंधरावा वाढदिवस. मुलीची पंधरावी म्हणजे आमच्याकडे अर्धं लग्नच. एकट्या बापाच्या आवाक्यातलं ते काम नव्हे. म्हणून नात्यागोत्यात मान वाटले जातात. झग्याची मानकरीण एक, मुकुटाची दुसरी, बुटांची तिसरी, केकची आणखी कुणी. यारेत्सीच्या आईने, मारिक्रूसने, सगळे मान वाटून टाकले आणि मग तिला आठवलं की नवऱ्याला सेनाइदा नावाची एक बहीणही आहे. तोवर उरला होता केकखालचा पाट. सेनाइदाने तो मान आधी अपमान म्हणून घेतला, आणि मग असा मनावर घेतला की हॉलमध्ये पाटाखेरीज काही दिसूच नये.

आरसा?… कसला आरसा?… अगं, परवा तर लाकडी म्हणालीस. मी हो म्हटलं, कुमारी मातेपुढे मेणबत्ती लावली… अख्खा आरसा? चौकोनी?… दिसेल ना, सुंदरच दिसेल. मला एवढंच सांग, पाय आहेत का?… तुला नाही, आरशाला… नाहीत. मग टेबलावर ठेवलेला उचलायचा झाला तर बोटं कुठे घालायची?… का म्हणजे? टेबल डुगडुगलं तर?… अगं ऐक ना… ऐक तर…

पलीकडून पुएब्ला शहरातल्या दुकानाची तारीफ सुरू झाली. त्या दुकानदाराने म्हणे मोठमोठ्या हॉटेलांना आरसे दिलेत. ओब्दुलियाने ती तारीफ संपेपर्यंत वरच्या थराला काट्याने टोचे मारले, आणि ते जरा जोरातच बसले.

हॉटेलात कोरडे केक असतात, सेनाइदा. हा तीन दुधं पिऊन बसलाय… रात्रभर पितो आणि दुसऱ्या दिवशी लग्नघरातल्या काकासारखा बसल्या जागी सोडत राहतो… हो, गळतो. थोडा गळायलाच हवा, नाहीतर लोक म्हणतात दुधात हात आखडला. आणि ते दूध तुझ्या आरशावर आलं की वरचा केक साबणासारखा सरकणार.

हे ती ऐकीव सांगत नव्हती. मागे एका मानकरणीने सोनेरी कागद लावलेला पुठ्ठा आणला होता. दिसायला राजवाडा. प्रार्थना झाली, वॉल्ट्झचा नाच झाला, भाषणं झाली, आणि सुरी लावायच्या आधीच पुठ्ठ्याचा लगदा होऊन केकने बसकण मारली. त्या बाईचा पुठ्ठा आज कुणाला आठवत नाही. ओब्दुलियाचा केक पडला, हे मात्र पार टेकडीपलीकडच्या वस्तीतही ठाऊक आहे. असा आणखी एक केक पडला असता, तर लोकांनी तिच्याकडे साधे पाव मागतानासुद्धा दोनदा विचार केला असता.

नाही, रागावले नाहीये. माझा आवाजच असा आहे… हं… नाव?… काठाला सोनेरी अक्षरात. छान. यारेत्सीचं ना?… तुझं… किती मोठं?… मुलीचं नाव केकवर बोटभर, आणि आत्याचं पाटावर वीतभर?… बरं. बरं बाई. तुझा पाट, तुझं नाव.

इथे तिने भांडं खाली ठेवलं. भांडणात दूध सांडतं आणि माणूस बदलत नाही, हा तिचा आजवरचा हिशेब. मग लहान मुलाला भरवावं तसं एकेक घास करून तिने सांगितलं, की मी माझी लाकडी चकती घालते, खाली बुटके पाय असलेली, वरून प्लास्टिक ताणलेली, काठ उचललेली. केक चकतीवर, चकती आरशावर. दूध काठात राहील, आरसा चारी बाजूंनी दिसेल.

…हो, नावही दिसेल… कुठे तोंड करून म्हणजे? लोकांकडे… मुख्य टेबलाकडे? फिदेन्सियो बसेल तिकडे?… करते. तुझ्या भावाच्या नाकासमोर करते… फोटो? काढतील की, तिथे दोन फोटोवाले आहेत… पाठवू? कुणाला?… तू तिथेच असशील ना, डोळ्यांनी बघ… हॅलो?… सेनाइदा?

लाइन चालू होती. पलीकडे कोंबडा आरवलेला ऐकू येत होता.

आरसा टॅक्सीवाल्याबरोबर येणार, आणि तू नाही येणार… अजून आईच्या मातीच्या वेळचंच?… माहीत आहे फिदेन्सियो काय म्हणाला ते. मी तिथेच होते, कॉफी वाटत होते. 'पाहुण्यासारखी आलीस' म्हणाला. मग आता काय करतेस? पाहुणीही नको, नुसतं सामान पाठवतेस?… अगं, माइकवर एकेक मानकरी पुकारतात. 'पाटाची मानकरीण' म्हटल्यावर कोण उठणार, आरसा?

आता पलीकडून बरंच काही आलं, आणि ओब्दुलियाने मध्ये तोंड घातलं नाही. नुसतं हं, हं करत राहिली. काटा हातातच होता, पण टोचायचा थांबला होता.

झालं? मग माझं ऐक. तुझा आरसा मी लावणार नाही… नाहीच. चकतीसकट केक आरशावर ठेवायला दोन माणसं लागतात. एका बाजूला मी, एका बाजूला तू… एरवी? एरवी माझा नवरा धरतो. उद्या त्याची कंबर दुखणार आहे… मारिक्रूसच्या भावाला मी माझ्या साखरेच्या फुलांच्या वाऱ्याला उभा करत नाही… काय?… फिदेन्सियो काही बोलला तर?… सेनाइदा, केक धरलेल्या बाईला कुणी काही बोलत नाही. आधी वाट सोडतात… तो सुद्धा सोडेल. दार उघडून धरेल, बघ तू… जेवणाआधी ये. मागच्या दाराने नको, स्वयंपाकघरातून सामान येतं. पुढच्या दाराने ये. आणि उंच टाचा घालू नकोस.

पलीकडून 'पण' आला. तो पुरा व्हायच्या आत ओब्दुलियाने फोन ठेवला.