ज्याले हाकलाचं नाही असं पाखरू

नाही, पन मी म्हनतो, मानसानं पाखरं पाहाले जाऊ नये काय? गुन्हा हाये काय? तुम्हाले सांगतो, अख्ख्या देऊळघाटात मले एकच सवाल... "पंजाबराव, समुद्रावर चालले म्हनता, तं तिथं देव कोन्ता हाये?" आरे बावा, देवासाठी नाही! पांढरे पाखरं हायेत, पान्यातून उड्या मारनारे डॉल्फिन हायेत... मी पाखरंच पाहीन!

हे याड लावून देलं गावातल्या त्या कादरनं. त्याची पोरगी देली रत्नागिरीकडे. तिच्या घरून आला अन् मोबाईल धरला माह्या नाकापुढं, "देखो पंजाबभाऊ!" पाहतो तं काय, बोट चालली, मांगं ढीगभर पांढरे पाखरं, अन् बोटीतले लोकं त्यायले शेव टाकून राह्यले! शेव!! म्हनलं, कादर, कोनी हाकलत नाही बे त्यायले? थो म्हने, "काऊन हाकलतीन? समुद्रात काय ज्वारी पेरली?"

तिथंच माहं डोस्कं फिरलं ना! काऊन का, दुधाचे दात पडले तवापासून मी गोफन घेऊन ज्वारीच्या वावरात, मचानावर... पाखरू दिसलं का हाऽऽ हुर्रऽऽ! चिमनी कशी असते इचारा मले, मले फक्त तिचं बूड माहीत, उडून जातानाचं! जल्मात एकदा, ज्याले हाकलाचं नाही असं पाखरू निवांत तोंडाकून पाहाचं. जास्त मांगतो काय मी?

पन आमची वच्छला, बायको हो माही, "जल्मभर फुकटात गोटे मारले, आता भाडं देऊन पाहाले चालले? अन् खारं पानीच पाहाचं तं लोनारले जा ना, जवळच्या जवळ!" म्हनलं, लोनारच्या तळ्यात डॉल्फिन हाये काय वो? मी पाखरंच पाहीन!

शेवटी माहा पोरगा राजकुमार, हुशार हाये, म्हने, "बाबा, गनपतीपुळे म्हना. देवही हाये, समुद्रही हाये." झालं! देव भेटल्याबरोबर वच्छला तयार, सून तयार, शेजारची जनकाबाई तं दशम्या बांधून दारात! गाडी म्या ठरोली, दुर्बीन म्या आनली बुलढान्याहून, बोटवाल्याशी म्या बोललो... अन् निंघाच्या सकाळी वच्छला कशी, लय गोड आवाजात, "अहो, ज्वारी हुरड्यात आली... राखन कोन करन?"

साऱ्यायनं माह्याकडं पाह्यलं. ड्रायव्हरनंही!

म्हनलं, पन मी पाखरंच... तं जनकाबाई म्हने, "पाखरंच तं हायेत ना भाऊ वावरात!" अन् गेली गाडी! माह्या सीटवर जनकाबाईची वळकटी बसून गेली.

पन मी काय हटनारा मानूस हाये? गेलो मचानावर, गोफन ठेवली उशाले, दुर्बीन लावली डोळ्याले. आली चिमन्यायची झुंड... हात नाही उचलला! बसा म्हनलं, खा बे! तुम्हाले सांगतो, नर चिमन्याच्या गळ्याखाली काळा डाग असते, माहीत होतं काय तुम्हाले? मले नव्हतं! एवढी वर्सं माह्याच वावरात होता थो, एवढा देखना... मले खरंच वाईट वाटलं हो.

काल वच्छलाचा फोन, बोटीतून. "अहो, काय मेले पाखरं हायेत हे! जनकाबाईच्या हातातली दशमी नेली उचलून! हाकलून हाकलून हात दुखले माहे!... अन् ज्वारी कशी हाये?"

म्हनलं, "पाखरायले आवडली."