जांभळ्या जंतूंनी अब्रू राखली

– नाही हो साहेब, ताजीच आहे, सकाळचीच. वास कसला घेताय? घ्या, घ्या, या सल्त गावात आता वास घेतल्याशिवाय माझ्याकडून कुणी कोंबडी नेत नाही – म्हणजे मधे नेत नव्हते, आता नेतात. तुम्ही अम्मानला असता ना, म्हणून तुमच्या कानावर आलं नसेल. नजीबच्या पोराचं लग्न झालं, मन्सफ होता – भात, वर दह्यात शिजलेली कोंबडी. कोंबडी माझी. आणि जेवण होऊन नाच रंगतोय तोवर माणसं पटापट ओकायला लागली – नवरदेवसुद्धा, अंगावर नवा कोट! मेलं कुणी नाही, देवाची कृपा. पण नवरदेवाची आत्या, उम्म गस्सान, अंगणाच्या मधोमध उभी राहून सगळ्यांदेखत म्हणाली, "अबू तलालची कोंबडी शिळी होती." झालं. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक नाही. शटर मीच ओढलं. बाप याच दुकानात म्हातारा झाला माझा, काय वाटलं असेल सांगा.

नजीब मात्र शहाणा. त्यानं उरलेलं सगळं, भात वेगळा, कोंबडी वेगळी, इस्पितळाच्या प्रयोगशाळेत पाठवलं. मी तिथल्या बाकावर जाऊन बसलो. तिथे एक डॉक्टरीणबाई आहेत. त्यांनी आधी मला विचारलं, उलट्या कधी सुरू झाल्या? जेवल्यावर लगेच, म्हटलं. तर हसल्या. कोंबडीतले जंतू एवढी घाई करत नाहीत म्हणाल्या. पण नुसत्या बोलण्यावर माझं दुकान उघडणार होतं का? जंतू वाढायला रात्र जाऊ द्यावी लागते. दुसऱ्या दिवशी परत गेलो तर मला आत बोलावलं – मला, या ॲप्रनसकट! – आणि दाखवलं. आधी जंतूंना जांभळा रंग द्यायचा, मग स्पिरिटनं धुवायचं, मग गुलाबी रंग. ज्यांची भिंत जाड ते जांभळा सोडत नाहीत, ते ग्रॅम पॉझिटिव्ह. ज्यांची भिंत पातळ, वरून चरबीचं अस्तर, त्यांचा जांभळा धुऊन जातो, ते गुलाबी होतात – ग्रॅम निगेटिव्ह. कोंबडी बाधली की ज्यांचं नाव पहिलं निघतं ते साल्मोनेला गुलाबी. आणि काचेखाली काय होतं? सगळं जांभळं! तेही भातातलं. माझ्या कोंबडीत काहीच सापडलं नाही. जांभळ्या कांड्या, आणि कांडीच्या पोटात रंग न लागलेला एक ठिपका. तो बीजाणू, म्हणाल्या. दिवस वाईट आले की तो जंतू स्वतःचं सार त्या कवचात बंद करून पडून राहतो. सगळे जांभळे असं करत नाहीत, थोडेच करतात. भात उकळला तरी तो बीजाणू मरत नाही. भात कोमट राहिला की कवच फोडून बाहेर, आणि विष करायला लागतो. मग पुन्हा गरम करून उपयोग नाही, विष तसंच राहतं. किती सोपं करून सांगतात हो! बोलताना चष्मा असा कपाळावर सरकवतात…

भात कुणी केला होता? उम्म गस्साननं. दुपारीच शिजवला, आणि निवू नये म्हणून पातेल्यांना गोधड्या गुंडाळून ठेवल्या. भाच्याच्या मायेपोटीच ना. डॉक्टरीणबाईंनी कागद नजीबला दिला आणि मला म्हणाल्या, "घरी नका बसू. दुकान उघडा."

उघडलं. उम्म गस्सानला काही बोलायला मी गेलो नाही, बाई रडून रडून अर्धी झाली होती. शुक्रवारी नमाजानंतर दुकानात गर्दी, आणि ती आली. मोठ्यानं म्हणाली, "अबू तलाल, दोन दे. चांगल्याच असतात तुझ्या." मी तिला कलेज्या वर घातल्या.

आता मी जातो अधूनमधून प्रयोगशाळेत. का म्हणजे – पाणी तपासायला नेतो. सुरी पुसलेलं फडकं नेतो. परवा काहीच नव्हतं तर अंडी नेली. त्यांनाही कळत असणार, पण चहा मागवतात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली हो माझी, घरात बोलायला कोण आहे? त्यांचंही लग्न झालेलं नाही – मी नाही विचारलं, शिपाई म्हणाला. पुढच्या आठवड्यात विचारीन म्हणतो, सरळ. एक थोरले भाऊ आहेत म्हणे, जरा कडक आहेत, त्यांचीच काय ती धास्ती.

बरं, पिशवीवर नाव काय घालू? कुणाकडे उतरलाय तुम्ही? – बहिणीकडे. इस्पितळात असते बहीण. हो का. कुठल्या… प्रयोगशाळेत.

…

कापून देऊ साहेब, की अख्खीच नेताय?