धावपट्टीवरच्या बिबड्या

अगं, माझ्या पहिल्या बक्षिसाची वाट बिबड्यांनीच लावली असती! देवपूरला कॉलेजात असताना स्पर्धेसाठी मी युद्धकाळातला चिमुकला विमानतळ बनवला. मातीची धावपट्टी ओली होती, म्हणून आदल्या दिवशी तो गच्चीवर वाळत ठेवला. दुपारी बघते तर मोठ्या काकूंनी माझी विमानं सुपात काढलेली आणि धावपट्टीवर ओलं पातळ अंथरून ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे वाळवणाचे जाड पापड, थापलेल्या! मी किंचाळलेच.

"वरडू नको वं, बठ्ठी जागा मोकळीच शे ना!" काकूंना ती सगळी जागा मोकळीच दिसली होती.

पातळ उचललं तर खाली गोल गोल खड्डे. दुसऱ्या दिवशी रडत विमानतळ तसाच स्पर्धेला नेला.

परीक्षक खूश. "बॉम्बचे खड्डे अगदी हुबेहूब! हल्ला कोणी केला?"

मी दचकले. "मोठ्या काकूंनी, सर."